शांतिनिकेतनातल्या उभ्या माणसांना जरा बसू द्या

प्रति,
‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेचे निर्माते, लेखक आणि वाहिनीत बसून कथेची दिशा ठरवणारी मंडळी,
मुंबई

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, शांतिनिकेतनात, म्हणजे तुमच्या मालिकेतल्या विराणींच्या घरात, माणसं फार वेळ उभी आहेत.

पत्र मराठीत लिहितेय म्हणून नवल वाटू देऊ नका. मालिका हिंदी आणि विराणी कुटुंब गुजराती असलं तरी सगळा कारभार चालतो मुंबईत, आणि पहिल्या दिवसापासून ती पाहणाऱ्यांत आम्ही मराठी बायका (आणि कबूल न करणारे मराठी पुरुष) भरपूर आहोत. अंधेरीच्या तुमच्या कचेरीत मराठी वाचून दाखवणारं कुणीतरी असेलच. नसेल तर सेटवरच्या स्पॉटदादांना हाक मारा. जाता जाता मालिकेबद्दल त्यांचं मतही विचारून घ्या. फुकट मिळेल आणि खरं मिळेल.

तर उभ्या माणसांबद्दल. तुमच्या दिवाणखान्यातला कुठलाही मोठा प्रसंग घ्या. घरची सून आणि नायिका तुलसी मधोमध. तिच्यासमोर ज्याच्याशी वाद चाललाय तो किंवा ती. तिचा नवरा मिहीर एक पाऊल मागे, खांदे पाडून. आणि या तिघांभोवती अर्धवर्तुळात बाकीचं घर: दक्षा, गायत्री, हेमंत, सुना, मुलं. तुलसीचं एक वाक्य झालं की कॅमेरा त्या अर्धवर्तुळावरून फिरतो. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन सेकंद. कुणी भुवया उंचावतं, कुणी तोंडावर हात नेतं, कुणी शेजारच्याकडे चोरून बघतं. पाठीमागे ढॅण ढॅण वाजतं. मग तुलसीचं पुढचं वाक्य, आणि पुन्हा फेरी. एकदा आवाज पूर्ण बंद करून असा प्रसंग पाहा. कोण कशासाठी आलंय, कुणाला काय हवंय, कोण आतल्या आत खूश आहे, यातलं काही कळत नाही. सगळ्यांना एकच सूचना दिलेली असावी असं वाटतं: ‘चकित व्हा’.

दक्षा झालेल्या केतकी दवेंसारख्या नटीला अख्ख्या भागात चकित होण्यापलीकडे काम नसतं, तेव्हा मला टीव्हीसमोर बसून त्यांच्या वतीने अवघडल्यासारखं होतं. हे पत्र त्यांच्यासाठी आहे. गायत्री झालेल्या कमलिका गुहा ठाकुरतांसाठी, हेमंत झालेल्या शक्ती आनंदसाठी, रितू सेठसाठी, हितेन तेजवानी आणि गौरी प्रधानसाठी. मालिकेच्या नव्या पर्वात ज्यांना परत आणल्याच्या बातम्या तुम्ही हौसेने दिल्या आणि आणल्यावर भिंतीला टेकवून ठेवलं, त्या सगळ्यांसाठी.

३ जुलै २००० ची रात्र आठवा. नऊ वाजता अमिताभ बच्चन पहिल्यांदा ‘कौन बनेगा करोडपती’ घेऊन आले आणि साडेदहाला तुम्ही शांतिनिकेतनचं दार उघडलंत. साडेदहा ही तेव्हा आमच्याकडे मालिका पाहायची वेळच नव्हती. भांडी घासून, ओटा पुसून, विरजण लावून बायका अंथरुणाला पाठ टेकायच्या, ती ही वेळ. त्या वेळेला तुम्ही घराघरांत हक्काचं करून टाकलंत. ६ नोव्हेंबर २००८ ला मालिका संपली तेव्हा १८३३ भाग झाले होते. एवढे भाग एकट्या तुलसीच्या अश्रूंवर निघत नाहीत, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

शीर्षकगीतातच ते सांगितलेलं होतं. तुलसी दार उघडायची, हात जोडून आत घ्यायची आणि एकेका माणसाची ओळख करून द्यायची. नवी सून आली, कुणी मेलं, कुणी परत उगवलं की त्या ओळखीत फेरफार व्हायचा. आम्हीही तेवढ्याच उत्सुकतेने बघायचो, आज दारात कोण नवीन दिसतंय म्हणून. मालिका कुणाची आहे याबद्दल शंका नव्हती. मालिका घराची होती.

माझी एक आत्या कराडला असायची. त्या वर्षांत भारनियमन कसलं होतं ते पश्चिम महाराष्ट्रातल्या कुणालाही विचारा. रात्री वीज गेली की ती दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवायचे तो भाग धरायची, आणि दुपारीही वीज नसली तर पलीकडच्या पेठेत एका मैत्रिणीकडे जाऊन बसायची, कारण तिकडच्या भारनियमनाची वेळ वेगळी. गंमत म्हणजे तिला तुलसी विशेष आवडायची नाही. ‘फारच शहाणी आहे,’ म्हणायची. तिचा सगळा जीव सवितावर. अपरा मेहतांची ती सासू कपाळाला आठ्या घालून सुनेच्या तोंडावर बोलायची, देवळातल्या पुजाऱ्याची पोरगी आपल्या मिहीरच्या गळ्यात पडली म्हणून वर्षानुवर्षं कुढायची आणि तरीही घराची किल्ली कुणाच्या हातात जाणार याचा विचार तिच्या डोक्यातून जायचा नाही. आत्या म्हणायची, ‘वाईट नाहीये गं ती, घाबरलीये.’ चोवीस-पंचवीस वर्षांनंतर मला वाटतं, त्या मालिकेबद्दल इतकं नेमकं कुठल्या समीक्षकाने लिहिलं नसेल.

आणि त्याच सविताला तुम्ही कुठवर नेलंत! जिला सून म्हणून स्वीकारायला तयार नव्हती, त्याच तुलसीच्या हातून तिला मरण आलं. असाध्य दुखण्यातून सुटका म्हणून. इच्छामरणाबद्दल आपल्याकडे चारचौघांत कुणी बोलत नव्हतं, केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०११ साल उजाडायचं होतं, आणि तुम्ही ते रात्री साडेदहाला जेवणानंतर आमच्यासमोर ठेवलंत. भडक होतं, सतार-तबल्याचा मारा होता, सगळं मान्य. पण ते मरण आम्हाला लागलं, कारण मरणारी बाई आम्हाला तिच्या सगळ्या खोडींसकट माहीत होती.

ही माणसं उभी राहिली ती नुसत्या लिखाणावर नाही, नाटकावर. बा, म्हणजे मिहीरची आजी, झालेल्या सुधा शिवपुरी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या. ओम शिवपुरींबरोबर त्यांनी दिल्लीत ‘दिशांतर’ ही नाट्यसंस्था काढली होती. अपरा मेहता, मुनी झा गुजराती रंगभूमीवरून आलेले. आणि दक्षा चाची? केतकी दवे या सरिता जोशींच्या कन्या. सरिताबाई गुजराती रंगभूमीची राणी असल्या तरी जन्माने मराठी, माहेरच्या भोसले. म्हणजे दक्षा चाचीचं आजोळ आमचंच, हे इथे जरा मिरवून घेते. अशा नटांना मागे उभं केलं तरी ते मोकळे राहत नाहीत. बांचं नुसतं मान वळवणं आठवा. घरातला कुणी खोटं बोलला की त्या काहीही न बोलता त्याच्याकडे बघायच्या, आणि आम्हाला कळायचं, म्हातारीने ओळखलं.

आता २९ जुलै २०२५, नव्या पर्वाचा पहिला दिवस. वेळ तीच, साडेदहा. शांतिनिकेतनचा तोच जिना, तीच तुळस, हात जोडून दारात तीच स्मृती इराणी. मधल्या काळात त्या खासदार झाल्या, केंद्रात मंत्री झाल्या, अमेठी जिंकली आणि हरल्या. त्या राजकारणावर माझी मतं आहेत, ती या पत्रात नकोत. नटी म्हणून बोलायचं तर पहिल्या आठवड्यात मी खूश होते. २००० मध्ये त्या चोवीस वर्षांच्या होत्या. दोन वर्षांत तुम्ही कथेला वीस वर्षांची उडी मारायला लावलीत आणि सव्वीस वर्षांच्या मुलीला केसांत पांढरी बट देऊन लग्नाच्या वयाच्या मुलांची आई केलंत. तेव्हा ती बट खोटी होती आणि आवाज मुद्दाम जड केलेला होता. आता एकोणपन्नासाव्या वर्षी ते वय त्यांच्या चेहऱ्यावर आपसूक आलंय. पायऱ्या उतरताना कठड्याला हात लावायची त्यांची एक लकब आहे. ती शिकवलेली वाटत नाही.

वयाच्या हिशेबात मी शिरत नाही. तुलसी-मिहीरच्या लग्नाचा अडतिसावा वाढदिवस तुम्ही साजरा केलात. जुन्या मालिकेतल्या सगळ्या उड्या प्रामाणिकपणे मोजल्या तर तुलसी आज पणजी असायला हवी आणि नव्या पर्वातल्या तिच्या मुलांना, अंगद, हृतिक, परी यांना, कुठे बसवायचं हा प्रश्नच पडतो. पण ज्यांनी मिहीरला मारून परत आणलेला पाहिला, त्याचा चेहरा अमर उपाध्यायचा, मग इंदर कुमारचा, मग रोनित रॉयचा झालेला पाहिला आणि आता पुन्हा अमर उपाध्यायचा झालेला पाहिला, त्यांना असल्या बारीकसारीक गोष्टींचं काही वाटत नाही. (माझ्या डोक्यातला मिहीर अजूनही रोनित रॉयच आहे, पण तो माझा प्रश्न.)

मला टोचतं ते वेगळंच. सुधाताई २०१५ मध्ये गेल्या. सविता कथेतच गेली. म्हणजे घराचा वरचा मजला रिकामा. आता शांतिनिकेतनात सगळ्यांत थोरल्या बायका कोण? दक्षा आणि गायत्री. नात्याने मिहीरच्या काकू, म्हणजे तुलसीच्या चुलत सासवा. तुलसी कितीही मोठी झाली, मुलाबाळांची, सुनांची झाली, तरी या दोघींसमोर ती सूनच. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या घरात जाऊन बघा: साठीची बाई स्वतःच्या सुनेला झापत असते आणि तेवढ्यात आतून पंच्याऐंशीच्या सासूने हाक मारली की हातातलं टाकून, पदर सारखा करून ‘आले आले’ म्हणत पळते. क्षणात वय उतरतं. तुमच्या मालिकेच्या नावात जी गोष्ट आहे ती हीच तर आहे! ती सांगायला लागणारी दोन्ही माणसं तुमच्या सेटवर रोज मेकअप करून हजर असतात, आणि तुम्ही त्यांना चकित व्हायला सांगता.

गायत्रीबाबत तुम्ही एक पाऊल टाकलंत, त्याचं श्रेय देते. तिला तुम्ही कुरकुरणारी, मनात काहीतरी धरून बसलेली केलंत. काही प्रेक्षक वैतागले. गायत्री चाची असं कशी वागेल, म्हणाले. मला उलट तेव्हाच ती पहिल्यांदा माणूस वाटली. जन्मभर या घरात आधी बांचं चाललं, मग सविताचं, मग तुलसीचं. गायत्रीने सणाला पुरणपोळ्यांऐवजी दुसरं काही करू या म्हटलं असतं तरी त्यावर कुणी ‘हो’ म्हणालं असतं का? तिचा राग रास्त आहे. तो घराच्या मांडणीतून आलाय, खलनायिकेच्या काजळातून नव्हे. पण तुम्ही त्या रागाचं काय केलंत? कटकारस्थानाला लागणारा एक खिळा म्हणून तो वापरला. कुणाचं तरी बोलणं दाराआडून ऐकणं, कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगणं. काम झालं की गायत्री परत अर्धवर्तुळात. एकदा तरी तिला तुलसीसमोर बसवून, कुणी मध्ये न पडता, ‘या घरात माझं काय होतं?’ एवढं विचारू द्या. आणि तुलसीला चटकन उत्तर देऊ देऊ नका. तुलसीकडे प्रत्येक प्रश्नाला संस्कारांचं एक भाषण तयार असतं. इथे ते भाषण कमी पडू द्या.

आता नोयना. बरखा बिष्ट चांगलं काम करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मिहीरच्या आयुष्यात दुसरी बाई आणताना मंदिरा तुमच्या आठवणीतून पार गेली होती का? अपघातानंतर स्मृती हरवलेल्या मिहीरला सांभाळणारी डॉक्टर मंदिरा. आधी मंदिरा बेदी, मग अचिंत कौर. त्या नात्यातून झालेला मुलगा करण. तुलसीने तो आपला मानला आणि अख्ख्या देशाने त्यावर महिनोन्‌महिने चर्चा केली. तोच करण आता या घरात पाहुण्यासारखा येतो-जातो. हितेन तेजवानी अजूनही तसेच शांतपणे उभे राहतात, आणि मी वाट बघते की हा माणूस आता मिहीरला बाजूला घेऊन काहीतरी बोलेल. बापाला जाब विचारायचा याच्यापेक्षा जास्त अधिकार त्या घरात कुणाला आहे? अंगद-हृतिकने आरडाओरडा केला तर तो पोरांचा राग. करणने नुसतं विचारलं, ‘पप्पा, तेव्हा तुम्हाला काही आठवत नव्हतं. आता काय झालंय?’ तर मिहीरला पळायला जागा नाही. हा संवाद मी इथे लिहून दिलाय, वापरा, मानधन नको.

शिवाय नवरा दुसरीच्या नादी लागतो आणि बायको स्वतःच्या पायावर उभी राहते, ही गोष्ट आमच्याकडे पाहून झालीय. २०१९ च्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते’ सुरू झाली, मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती घराबाहेर पडली, गाऊ लागली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत आम्ही तिच्याबरोबर होतो. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, हिंदीत ‘अनुपमा’, आणि ती अनुपमा तुमच्याच वाहिनीवर रोज तुमच्या आधी येऊन बसते. म्हणजे एका संध्याकाळी एकाच वाहिनीवर दोन बायकांचे दोन नवरे. तुलसीकडे तिचं स्वतःचं असं दुसरं इतकं काही आहे, की उसनं आणायची वेळ यायला नको होती.

काय आहे तिच्याकडे? आपल्याच मुलावर, अंशवर, गोळी झाडणारी आई आहे ती. विसरलात तर आठवण करून देते. अंश नंदिनीवर जबरदस्ती करत होता, नवरा म्हणून. हे तुम्ही दाखवलंत तेव्हा लग्नातल्या बलात्काराबद्दल घरात बोलणं सोडाच, तो शब्दही कुणाला माहीत नव्हता. आजही आपला कायदा सज्ञान बायकोवर नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला बलात्कार मानत नाही. जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली तरी तो अपवाद तसाच राहिला. त्या रात्रीनंतर आमच्या बाजूच्या घरातल्या एक काकू, ज्या कधी काही बोलायच्या नाहीत, त्या दुसऱ्या दिवशी पाणी भरताना फक्त एवढंच म्हणाल्या, ‘बरं केलं तिनं.’ आणि कळशी उचलून गेल्या. पुढे कुणी काही विचारलं नाही.

ती नंदिनी, गौरी प्रधानची, तुम्ही परत आणलीत. जिच्यासाठी तुलसीने मुलगा गमावला ती आणि तुलसी एका छपराखाली येतात, तेव्हा त्यांच्यात काय होतं? नंदिनीला तुलसीसमोर उपकाराचं ओझं वाटतं का? की इतक्या वर्षांनी तिलाही वाटतं, अंश वाचला असता तर बरं झालं असतं, निदान तुरुंगात गेला असता? तुलसीच्या घरात अंशचा फोटो कुठे आहे? आहे का? माझ्या मते या दोघींचा एक प्रसंग, चहा गार होईपर्यंतचा, नोयनाच्या सगळ्या भागांना पुरून उरेल. त्यात मागे अर्धवर्तुळ नको.

नव्या पिढीबद्दल थोडक्यात. शगुन शर्माची परी मला या सगळ्यांत जास्त आवडते, कारण ती चुकते आणि चुकताना गोड दिसायचा प्रयत्न करत नाही. रोहित सुचांतीचा अंगद आणि तनिषा मेहताची वृंदा ठीक. त्यांचं प्रेम पाहताना घड्याळाकडे लक्ष जातं, पण ते बहुधा माझ्या वयाचं असेल. हृतिकला अजून स्वभाव मिळालेला नाही. या पोरांची खरी अडचण अशी, की त्यांना घरात फक्त आई-वडीलच आहेत असं वाटतं. दक्षा चाची किंवा गायत्री चाचीशी कुणी पोर पाच मिनिटं बसून बोललंय, खायला मागितलंय, पैसे उसने घेतलेत, आईपासून काही लपवायला सांगितलंय, असं मला तरी आठवत नाही. एकत्र कुटुंबात निम्मं राजकारण याच वाटेने चालतं. आईने नाही म्हटलेली प्रत्येक गोष्ट काकूकडून मिळते.

पाहुणे बोलावण्यात मात्र तुम्ही कसर ठेवत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बिल गेट्स व्हिडिओ कॉलवर आले आणि तुलसीशी गरोदर बायका व नवजात बाळांच्या आरोग्याबद्दल बोलून गेले. आमच्या घरात त्या रात्री सगळे एकदम गप्प झाले आणि मग सगळे एकदम हसले. विषय चांगला, हेतू चांगला, पण तेवढ्या वेळात दक्षा चाचीने तिच्या बाळंतपणाची एक आठवण सांगितली असती तरी आरोग्याचा प्रचार झाला असता, आणि कुणी हसलं नसतं, किंवा योग्य ठिकाणी हसलं असतं. त्यापेक्षा ‘कहानी घर घर की’मधले पार्वती आणि ओम आले ते जास्त रुचलं. साक्षी तंवर आणि आपले किरण करमरकर. दोन घरं, पंचवीस वर्षांची, समोरासमोर. किरण करमरकर नुसते खुर्चीत बसले तरी त्या खुर्चीला वजन येतं. बघा, पाहुण्याला तुम्ही लगेच बसायला दिलंत. घरच्यांना नाही.

तुमची अडचण मला अगदीच कळत नाही असं समजू नका. रोजची मालिका म्हणजे रोज वीसेक मिनिटं पडद्यावर जातील एवढं काम सेटवरून निघालंच पाहिजे. कधी लिहिलेली पानं चित्रीकरणाच्या सकाळी हातात पडतात. दर गुरुवारी टीआरपीचा आकडा येतो आणि त्या आकड्याने पुढच्या आठवड्याची गोष्ट बदलते. तुलसी पडद्यावर असली की आकडा वर जातो, नसली की खाली येतो, असं कुणीतरी तक्ता काढून दाखवत असेल. जुन्या मालिकेने टीआरपीची विशी ओलांडली होती. आता वाहिन्या भरमसाट, निम्मे लोक मोबाइलवर जिओहॉटस्टारला बघतात, त्यामुळे तो काळ परत येणार नाही हेही खरं. पण एक साधा व्यवहार बघा. नटाला तुम्ही दिवसाप्रमाणे पैसे मोजता. दक्षा चाची सेटवर आल्या, केस-मेकअप झाला, साडी नेसवली, त्या दिवसाचं मानधन लागलं. मग त्यांना दहा मिनिटांचं काम दिलंत काय आणि दोन सेकंदांचं दिलंत काय, खर्च तोच. एवढा माल घरात आणून कुणी तो वापरल्याशिवाय ठेवतं का?

आणि जुने प्रेक्षक तुलसीसाठीच आलेत, हे गृहीतक तपासून बघा. २००७ मध्ये स्मृती इराणी मालिकेतून बाहेर पडल्या आणि गौतमी कपूर तुलसी झाल्या. लोक चिडले, कुरकुरले, पण घर चालू राहिलं, कारण घरात बाकीची माणसं होती. त्या वेळी तुम्हाला ती माणसं सावरायला उपयोगी पडली. आज तीच माणसं तुमच्याकडे आहेत, वयाने आणि कामाने जास्त पिकलेली.

सुरुवातीला तुम्ही म्हणाला होतात, की ही मालिका मोजक्या भागांची असेल, जुने भाग धरून दोन हजारांचा टप्पा गाठायचा आणि थांबायचं. १८३३ नंतर दोन हजारांना १६७ भाग लागतात. मला ती कल्पना आवडली होती, म्हातारपणी आलेला पाहुणा वेळेवर निघतो तेव्हा त्याची आठवण येते. तुम्ही वाढवलीत तर वाढवा. तो तुमचा धंदा. फक्त वाढवायची तर माणसांनी वाढवा, उड्यांनी नको.

शेवटी एक ठोस मागणी, म्हणजे ‘प्रेक्षकांची नाराजी’ या फायलीत हे पत्र नुसतं लावून ठेवता येणार नाही. तुलसीला आठवडाभर घराबाहेर पाठवा. कुठे ते तुम्ही ठरवा, द्वारकेला पाठवा, सोमनाथला पाठवा, मुंबईतल्या मुंबईत कुणाच्या तरी आजारपणाला पाठवा. पण कॅमेरा तिच्यामागे नेऊ नका. तो शांतिनिकेतनातच राहू द्या. सकाळी दूधवाल्याचा हिशेब कोण करतं ते दाखवा. हेमंतला, जो इतक्या वर्षांत फक्त ‘भाभी’ म्हणत आलाय, एखाद्या गोष्टीत ठामपणे चुकू द्या. दक्षा आणि गायत्रीला स्वयंपाकघरात एकमेकींशी भांडू द्या, खऱ्याखुऱ्या कारणावरून, एखाद्या जुन्या दागिन्यावरून किंवा तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या वाक्यावरून. परीला दक्षापाशी रडू द्या. करणला मिहीरच्या खोलीचं दार आतून लावून घेऊ द्या. आणि कुणालाही कुणाच्याही बोलण्यावर चकित होऊ देऊ नका. या घरात राहून ज्यांनी मिहीरला मेलेला आणि परत आलेला पाहिलाय, ते आता कशानेही चकित होणार नाहीत.

त्या आठवड्याचा गुरुवारचा आकडा पडला, तर मला कळवा. मी मान्य करेन. पण आधी आठवडा होऊ द्या.

कळावे, लोभ आहेच, तो असावा असं म्हणायची गरज नाही.

आपली,
साडेदहाला टीव्ही लावणारी एक जुनी प्रेक्षक

ता. क. दक्षा चाचीला संवाद लिहिताना तिचं ते नेहमीचं ‘आरारारा’ ठेवा. तेवढं मात्र काढू नका.